चित्ररथ नेमका कोणता? : माहूरच्या रेणुकाकथेतील एका नामसाधर्म्याची चिकित्सा

प्रास्ताविक

पुराणकथांच्या अभ्यासात प्रमुख व्यक्तिरेखांना जेवढे स्थान मिळते तेवढे गौण व्यक्तिरेखांना मिळत नाही, ही तक्रार नवी नाही. परंतु गौण व्यक्तिरेखांमध्येही ज्यांची नावे दुसऱ्या कोणाशी तरी जुळतात, त्यांची अवस्था अधिकच बिकट असते. एकतर त्या मोठ्या नावाच्या छायेत दिसेनाशा होतात, नाहीतर 'हा दुसरा, तो पहिला' एवढ्या क्रमांकापुरत्या कोशात उरतात. नामसाधर्म्य हा कोशकाराने सोडवावयाचा किरकोळ प्रश्न आहे, समीक्षकाने त्यात वेळ दवडू नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज तपासून पाहण्याचा आहे. त्यासाठी नांदेड जिल्ह्यातील माहूरशी निगडित असलेल्या रेणुकाकथेतील 'चित्ररथ' ही अत्यंत गौण व्यक्तिरेखा येथे निवडली आहे.

हा विषय सुचण्यास एक प्रसंग कारणीभूत झाला. काही वर्षांपूर्वी अंतर्गत परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना एका विद्यार्थिनीने 'रेणुकेने नदीवर राजा चित्ररथाला पाहिले' असे लिहिले होते. प्रस्तुत लेखकाने 'राजा' या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून समासात 'गंधर्व' असे लिहिले आणि अर्धा गुण कमी केला. पुढे अन्य कारणाने वनपर्व वाचण्याचा योग आला तेव्हा विद्यार्थिनी बरोबर होती आणि तांबडी रेघ चुकीची होती, हे ध्यानात आले. तिने ग्रंथालयातील महाभारताच्या मराठी भाषांतरावरून उत्तर लिहिले होते. प्रस्तुत लेखकाने कशावरून तपासले होते, तर लहानपणापासून ऐकलेल्या कथेवरून.

नामसाधर्म्याचे स्वरूप

महाभारतात नावांची पुनरावृत्ती किती होते याची कल्पना येण्यासाठी दोन-तीन उदाहरणे पुरेशी आहेत. आदिपर्वातील धृतराष्ट्रपुत्रांच्या यादीत विंद आणि अनुविंद ही नावे येतात. अवंतीचे दोन राजपुत्रही विंद आणि अनुविंदच. जयद्रथवधाच्या दिवशी अर्जुन त्यांना मारतो. त्यानंतर कर्णपर्वात केकय देशाचे विंद-अनुविंद येतात आणि त्यांचा अंत सात्यकीच्या हातून होतो. एका नावाची जोडी तीन वेळा, आणि तिन्ही वेळा कौरवपक्षातच! सहदेवाचे तसेच आहे. पांडवांच्या बाजूने एकाच युद्धात दोन सहदेव लढतात, एक माद्रीचा पुत्र आणि दुसरा जरासंधाचा. दुसऱ्याला द्रोणाने मारले हे वाचून वर्गातील एखादा विद्यार्थी दचकतो, हा अनुभव अनेक प्राध्यापकांना असेल.

महाभारतकारांना नामसाधर्म्याची जाणीव नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. शंतनूचा पुत्र चित्रांगद याची कथा पाहावी. त्याच्याच नावाचा एक गंधर्वराज त्याच्यावर चालून येतो, तीन वर्षे युद्ध चालते आणि राजा मारला जातो. विचित्रवीर्य गादीवर येतो, आणि पुढचे सारे महाभारत घडते ते त्यानंतरच. म्हणजे कुरुकुळाची वंशरेषा वळते त्या ठिकाणी दोन समान नावांची झुंज उभी आहे. मनुष्य चित्रांगद आणि गंधर्व चित्रांगद यांच्यात जिंकतो तो गंधर्व, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावयास हवी. (याच नावाचा कलिंगाचा राजाही आहे; त्याच्या कन्येचे दुर्योधनाने कर्णाच्या साहाय्याने हरण केले, ही हकीकत शांतिपर्वात येते.) दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मालवराज इंद्रवर्म्याच्या हत्तीचे नाव अश्वत्थामा नसते तर द्रोणवध वेगळ्या रीतीने घडवावा लागला असता. 'नरो वा कुंजरो वा' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार नामसाधर्म्यातूनच जन्मला आहे. समान नाव हे येथे शस्त्र झाले आहे, आणि ते युधिष्ठिराच्या हाती दिले आहे.

ग्रीक महाकाव्यांतही हीच स्थिती आढळते. 'इलियड'मध्ये दोन अजॅक्स आहेत. एक तेलामॉनचा पुत्र, दुसरा लोक्रिसचा, ओइलिअसचा पुत्र. कवी त्यांना पित्याच्या नावाने आणि देहयष्टीच्या वर्णनाने वेगळे ठेवतो. ट्रॉयच्या बाजूने लढणारे अद्रेस्तस मात्र तीन आहेत, आणि तिघेही वेगवेगळ्या सर्गांत मारले जातात. त्याहून विलक्षण प्रकरण पॅफ्लागोनियनांचा राजा पिलायमेनीस याचे. पाचव्या सर्गात मेनेलाउस त्याला ठार करतो, आणि तेराव्या सर्गात तो आपल्या मृत पुत्राच्या, हार्पालिऑनच्या, शवामागून अश्रू ढाळत चाललेला दिसतो. प्राचीन टीकाकारांना यातून वाट काढावी लागली. त्यांनी सुचविलेल्या वाटांपैकी एक अशी की, पिलायमेनीस दोन असावेत. कवीची चूक झाकण्यासाठी एका माणसाची दोन माणसे केली गेली.

आपल्याकडेही असे विभाजन घडते. वाल्मीकिरामायणातील सुषेण हा वानर आहे, तारेचा पिता. तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'त सुषेण हा लंकेतील वैद्य होतो आणि हनुमान त्याला घरासकट उचलून आणतो. आता सुषेण एक की दोन, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या वाचनावरून सोडवावा. परंतु विभाजनापेक्षा आपल्या परंपरेत विलीनीकरणाकडे अधिक ओढा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मोठे नाव लहान नावाला गिळते. चित्ररथाच्या बाबतीत हेच झाले आहे.

किती चित्ररथ?

चित्ररथ या नावाचा आढळ फार जुना आहे. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात सरयूपलीकडे इंद्राने अर्ण आणि चित्ररथ यांना मारल्याचा उल्लेख येतो. वाल्मीकिरामायणाच्या अयोध्याकांडात, वनवासाला निघण्यापूर्वी राम ज्या सेवकांना दाने देतो, त्यांत चित्ररथ नावाचा एक वृद्ध सूत आहे. पुराणांतील यादववंशात शशबिंदूचा पिता चित्ररथ आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात अंगदेशाच्या रोमपादाचेच नाव चित्ररथ असल्याचे सांगितले आहे. हा तोच दशरथाचा मित्र, ऋष्यशृंगाचा श्वशुर. या सर्वांची एकमेकांशी गल्लत सहसा होत नाही, कारण यांपैकी कोणीही फारसा प्रसिद्ध नाही.

प्रसिद्ध आहे तो गंधर्व. भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात 'गंधर्वांमध्ये मी चित्ररथ' असे श्रीकृष्ण म्हणतात. ज्या प्रदेशात ज्ञानेश्वरीचे पारायण गावोगाव होते त्या प्रदेशात चित्ररथ हे नाव कानी पडताच गंधर्व आठवावा, यात नवल नाही. आदिपर्वात या गंधर्वाची सविस्तर कथा आहे. लाक्षागृहातून निसटलेले पांडव पांचालांकडे निघाले असता रात्रीच्या वेळी गंगेवर येतात. तेथे हा गंधर्वराज आपल्या स्त्रियांसह जलक्रीडा करीत असतो. त्याचे मूळ नाव अंगारपर्ण. विलक्षण रथामुळे तो चित्ररथ म्हणून ओळखला जाई. मनुष्यांनी आपल्या वेळेला नदीवर यावे याचा त्याला राग येतो, अर्जुनाशी युद्ध होते आणि आग्नेयास्त्राने त्याचा रथ जळून जातो. त्याची पत्नी कुंभीनसी युधिष्ठिराला शरण येते, युधिष्ठिराच्या सांगण्यावरून अर्जुन त्याला सोडतो. आपण आता चित्ररथ राहिलो नाही, दग्धरथ झालो, असे तो स्वतःच म्हणतो. स्वतःच्या नावाचा असा हिशोब करणारी पात्रे महाभारतात थोडी आहेत.

वनपर्वातील चित्ररथ हा वेगळा. युधिष्ठिर तीर्थयात्रेच्या ओघात महेंद्र पर्वतावर पोहोचतो तेव्हा परशुरामाचा शिष्य अकृतव्रण त्याला जमदग्नी, रेणुका आणि राम यांची कथा सांगतो. प्रसेनजित राजाची कन्या रेणुका जमदग्नीची पत्नी होऊन आश्रमात राहते. तिला रुमण्वान, सुषेण, वसु, विश्वावसू आणि राम असे पाच पुत्र होतात. एके दिवशी स्नानास गेली असता परतताना तिच्या दृष्टीस मार्तिकावताचा राजा चित्ररथ पडतो. तो कमळांची माळ घालून आपल्या भार्येसह पाण्यात क्रीडा करीत असतो. त्या ऋद्धिमान राजाला पाहून रेणुकेच्या मनात स्पृहा उत्पन्न होते. पुढील कथा सर्वश्रुत आहे.

भागवताच्या नवव्या स्कंधात हीच कथा येते तेव्हा काही तपशील पालटतात. रेणुका प्रसेनजिताची नव्हे तर रेणूची कन्या होते. ती स्नानाला नव्हे, तर पाणी आणायला जाते. नदीला नाव मिळते, गंगा. पाण्यात असतो तो गंधर्वराज, आणि त्याच्यासोबत अप्सरा असतात. चित्ररथ हे नाव तेच, कमळांची माळ तीच. रेणुकेची स्पृहा 'किंचित' होते, आणि तिच्या हातून घडते ते होमवेळेचे विस्मरण.

विलीनीकरण कसे घडले असावे?

दोन्ही पाठ शेजारी ठेवले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. भागवतात जे नवे आले आहे, म्हणजे गंधर्वराज आणि गंगा, ते दोन्ही आदिपर्वातील अंगारपर्णाच्या प्रसंगात आधीच आहे. नाव समान, स्त्रियांसह जलक्रीडा हा प्रसंग समान. मग वनपर्वातील राजाच्या जागी आदिपर्वातील गंधर्व येऊन उभा राहावा, आणि येताना आपली नदीही घेऊन यावी, हे अगदी स्वाभाविक वाटते. माळ तेवढी जुन्या राजाच्या गळ्यातली राहिली. प्रस्तुत लेखकाचे हे अनुमान आहे. ते सिद्ध करण्यास मधल्या काळातील पुराणपाठांची अधिक काटेकोर तुलना करावी लागेल. परंतु केवळ 'पुराणांना मनुष्याचे दिव्यीकरण करण्याची खोड असते' या सर्वसाधारण स्पष्टीकरणापेक्षा हे अनुमान अधिक नेमके आहे. गंगाच का, आणि गंधर्व-'राज'च का, याचे उत्तर त्यातून मिळते.

येथे एक आक्षेप घेतला जाऊ शकतो. गंधर्व दीर्घायुषी असतात. तेव्हा रेणुकेने पाहिलेला आणि पुढे अर्जुनाला भेटलेला चित्ररथ एकच असण्यास हरकत काय? महाभारतापुरते याचे उत्तर महाभारतातच आहे. ही कथा ऐकणारा कोण, तर युधिष्ठिर. कुंभीनसीच्या विनवणीवरून ज्याने गंधर्व चित्ररथाला जीवदान दिले, तोच. दोघे एकच असते तर निवेदकाने ते सांगितले असते, किंवा श्रोत्याने विचारले असते. एरवी प्रश्न विचारण्यात युधिष्ठिर कधी मागे नसतो. तो काहीच विचारत नाही, कारण अकृतव्रणाने नावाला जोडूनच 'मार्तिकावतक नृप' अशी ओळख दिली आहे. ही ओळख म्हणजे निव्वळ पादपूरण नव्हे. श्रोत्याच्या ओळखीचा दुसरा चित्ररथ मनात येऊ नये म्हणून देशनाम लावलेले दिसते. गावात एका नावाचे चार जण असले की आपण जसे 'वरच्या आळीतला', 'वाड्यावरचा' असे सांगतो, तशातलाच हा प्रकार आहे.

राजा हरवल्याने काय हरवते?

आता मुख्य प्रश्न. राजा असो की गंधर्व, कथेत काय फरक पडतो? प्रस्तुत लेखकाच्या मते फरक मोठा पडतो आणि तो रेणुकेच्या वाट्याला येतो.

वनपर्वातील रेणुका राजकन्या आहे. ती राजवाड्यातून आश्रमात आली आहे. नदीवरून परतताना तिला दिसतो तो एक राजा, आपल्या भार्येसह, ऐश्वर्यात. महाभारतकारांनी त्याच्या रूपाचे वर्णन केलेले नाही. त्याच्यासाठी जे विशेषण योजले आहे ते 'ऋद्धिमान' आहे. म्हणजे रेणुकेची स्पृहा केवळ परपुरुषाविषयीची नाही. जे आयुष्य तिचे होऊ शकले असते, आणि जे कदाचित तिच्या माहेरी तिने पाहिले होते, ते तिला क्षणभर पाण्यात दिसले. 'भार्येसह' या शब्दाकडेही पाहावे. राजा आपल्या पत्नीबरोबर रमलेला आहे, आणि ते पाहणारी स्त्री तपस्व्याच्या घरी परत निघालेली आहे. दोन संसारांची ही तुलना कवीने एका श्लोकात, काहीही न बोलता, करून ठेवली आहे. म्हणून जमदग्नीचा कोप वाचताना वाचक अस्वस्थ होतो. शिक्षा इच्छेला झाली की गतायुष्याच्या स्मरणाला, असा प्रश्न त्याला पडतो.

गंधर्वराज आला की हा सारा मानवी संदर्भ पुसला जातो. गंधर्व आणि अप्सरा म्हटले की मोहिनी आली, माया आली. गंधर्वाला पाहून कोणाचेही मन ढळेल. त्यात रेणुकेचे असे स्वतःचे काही राहत नाही. भागवतकारांनी 'किंचित' म्हणून तिला सौम्य केले आहे, आणि तिचा अपराध स्पृहेकडून होमवेळेच्या विस्मरणाकडे सरकवला आहे, हे मान्य केले पाहिजे. भक्तिपर ग्रंथाच्या दृष्टीने ती दया असेल. पण त्या दयेत तिचे पूर्वायुष्य गेले. प्रसेनजिताच्या घरची मुलगी आणि मार्तिकावताचा राजा यांच्यामध्ये जी समान पातळी होती ती गेली. अपराध लहान झाला तरी शिक्षा तेवढीच राहिली, ही विसंगती तर आणखी वेगळीच.

भागवतकारांनी चूक केली असे येथे म्हणावयाचे नाही. पुराणकाराला कथा नव्याने सांगण्याचा अधिकार आहेच. आक्षेप आहे तो आपल्या वाचनावर. दोन वेगळ्या कथा असताना आपण त्यांची एकच कथा करून शिकवतो, आणि मग वनपर्वातील रेणुकेच्या तोंडी भागवतातील रेणुकेचा मोह घालतो. मार्गदर्शिकांमधून, शालेय गोष्टींच्या पुस्तकांमधून, आणि वर कबूल केल्याप्रमाणे उत्तरपत्रिकांच्या समासातूनही, हे घडते.

माहूरचा संदर्भ

माहूरला रेणुकेचे शिखर, दत्तशिखर आणि अनसूयाशिखर ही तिन्ही जवळजवळ आहेत. परशुरामाने पित्याचा अंत्यविधी केला ते मातृतीर्थही येथेच दाखवितात. ज्याच्यामुळे जमदग्नीचा घात झाला तो कार्तवीर्य अर्जुन दत्तात्रेयाच्या वरानेच सहस्रबाहू झाला होता. म्हणजे वर देणारा आणि त्या वराचे बळी, दोन्ही एकाच डोंगररांगेत. रेणुकेचे पूजन होते ते मुखाचे, तांदळ्याच्या रूपात. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात रेणुका-यल्लम्मेचा विचार मातृदेवतेच्या अंगाने केला आहे, आणि तो सर्वपरिचित आहे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न तेवढा मोठा नाही. परंतु लोकपरंपरा नामसाधर्म्य कसे हाताळते, याचे दोन चांगले नमुने माहूरच्या कथेतच आहेत.

पहिला नमुना अर्जुनाचा. आपल्याकडे कोणीही कार्तवीर्याला नुसते 'अर्जुन' म्हणत नाही. 'सहस्रार्जुन' असे म्हटले जाते आणि पांडव अर्जुनाशी गल्लत होत नाही. दुसरा नमुना रामाचा. महाभारतात जमदग्नीच्या पुत्राचे नाव राम; जामदग्न्य राम, भार्गव राम अशा ओळखी त्याला लावल्या जातात. दाशरथी रामाचे माहात्म्य वाढत गेले तसतसा हा राम परशूसह ओळखला जाऊ लागला आणि पुढे परशू हा नावाचाच भाग झाला. बलरामाचेही तसेच. थोडक्यात, दोन्ही व्यक्ती समाजाला हव्या असतील तर भाषा त्यांच्यासाठी वेगळी नावे तयार करते. गोंधळ्यांमध्ये रेणुराई आणि कदमराई असा भेद राखणाऱ्या समाजाला नावांचे भान नाही, असे कोण म्हणेल?

चित्ररथाला मात्र असे नाव मिळाले नाही. 'मार्तिकावतक' ही उपाधी मौखिक परंपरेत टिकण्याइतकी सोपी नव्हती, आणि हा राजा कोणाला हवाही नव्हता. त्याचे देऊळ नाही, वंश नाही, संवाद नाही. तो पाण्यात दिसतो आणि कथेतून जातो. रेणुकेच्या चार थोरल्या पुत्रांची गतही फारशी वेगळी नाही. त्यांच्या नावांकडे पाहावे: सुषेण म्हटले की वानर आठवतो, वसु म्हटले की उपरिचर राजा, विश्वावसू म्हटले की गंधर्व, आणि रुमण्वान म्हटले तर कथासरित्सागरातील उदयनाचा सेनापती. चौघांचीही नावे दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने झाकली गेली आहेत. मातेचा वध करण्यास नकार देणारे, त्यासाठी शाप भोगणारे हे चौघे. आज्ञा पाळणाऱ्याचे नाव घरोघर आहे आणि न पाळणाऱ्यांची नावे विचारली तर पदव्युत्तर वर्गातही उत्तर येत नाही. ही नावे वर्गात एकदा तरी उच्चारली जावीत, असे वाटते.

कोशकार आणि समीक्षक

मराठीत या प्रश्नाला पद्धतशीरपणे हात घातला तो सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी. त्यांचा 'भारतवर्षीय प्राचीन चरित्रकोश' १९३२ साली प्रसिद्ध झाला. समान नावाच्या व्यक्तींना वेगवेगळे क्रमांक देऊन, प्रत्येकीची हकीकत ग्रंथाधारासह नोंदविण्याची त्यांची शिस्त आजही मार्गदर्शक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. चित्रावांनी मराठी कोश सिद्ध केला तेव्हा ही सोय त्यांना उपलब्ध नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कष्टांची कल्पना येते. मात्र क्रमांक देणे ही यांत्रिक क्रिया नाही, हेही तितकेच खरे. दोन उल्लेखांना एक क्रमांक द्यावयाचा की दोन, हा निर्णय घेताना कोशकार कथेचा अर्थ लावीत असतो. रेणुकेचा चित्ररथ स्वतंत्र क्रमांकाखाली गेला तर ती एक रेणुका, गंधर्वाच्या क्रमांकाखाली गेला तर ती दुसरी.

मराठवाड्याला हा प्रश्न केवळ पुराणांपुरता नाही. लातूरचे जुने नाव लट्टलूर. तेथून उगम सांगणाऱ्या राष्ट्रकूटांत तीन कृष्ण झाले, आणि एक, दोन, तीन हे आकडे इतिहासकारांनी लावलेले आहेत. विरुदावरून भेद करावा तर अकालवर्ष हे विरुदही एकाहून अधिक कृष्णांनी धारण केलेले. वाङ्मयेतिहासात तर प्रत्यक्ष कवीच या गोंधळात सापडला आहे. नरसीचे नामदेव आणि सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा यांच्या रचना नाममुद्रेच्या साम्यामुळे गाथेत मिसळल्या गेल्या, आणि त्या निवडण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. विष्णुदास नामा हा महाभारताच्या अठराही पर्वांवर ओवीरचना करणारा कवी. ज्याने इतक्या समान नावांच्या वीरांना मराठीत आणले, तो स्वतः मोठ्या नावाच्या सावलीत गेला.

तेव्हा व्यक्ती एक की दोन हे ठरविताना काही पथ्य पाळावे लागेल. नाव जुळले एवढ्याने व्यक्ती जुळली असे मानू नये. ग्रंथाने देश, पिता किंवा कुळ यांची ओळख दिली असेल तर ती सोडून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. उत्तरकालीन ग्रंथाने व्यक्ती बदलली असेल तर ती त्या ग्रंथाची निर्मिती म्हणून तेथेच वाचावी, पूर्वीच्या ग्रंथात नेऊन बसवू नये. चित्ररथ आणि चित्रसेन यांच्यासारखी अर्धी जुळणारी नावे तर अधिकच जपून वाचावी लागतात. अर्जुनाला स्वर्गात नृत्यगीत शिकविणारा आणि घोषयात्रेत दुर्योधनाला बांधणारा गंधर्व चित्रसेन आहे, चित्ररथ नव्हे. आणि नकुलाच्या हातून शल्यपर्वात मारला जाणारा चित्रसेन गंधर्व नव्हे, कर्णाचा पुत्र आहे.

राहता राहिली ती उत्तरपत्रिका. चूक लक्षात आली तेव्हा गुण पाठवून झाले होते. विद्यार्थिनीला बोलावून वनपर्वातील ते पान दाखविले आणि 'तुझे उत्तर बरोबर होते' असे सांगितले. तिने विचारले, "सर, मग हे मार्तिकावत पुढे येतं का कुठे?" त्या दिवशी उत्तर देता आले नाही. ते येते. त्याच वनपर्वात, द्वारकेवर चाल करून आलेल्या शाल्वाला श्रीकृष्ण मार्तिकावताचा राजा म्हणतात. आणि मौसलपर्वात, यादवांचा संहार झाल्यावर उरलेल्या स्त्रिया व मुले घेऊन निघालेला अर्जुन कृतवर्म्याच्या पुत्राला ज्या नगरात ठेवतो, ते हेच मार्तिकावत.